श्रोत्यापासून सुरू होणारे भाषण

वक्तृत्वाच्या शिकवणीचा रोख बहुधा बोलणाऱ्यावर असतो. आवाज कसा लावावा, हातवारे किती करावेत, पाठांतर करावे की टिपणे जवळ ठेवावीत, याचीच चर्चा होते. ॲरिस्टॉटलने मात्र इ.स.पू. चौथ्या शतकातच आपल्या वक्तृत्वशास्त्रात भाषणाचे प्रकार श्रोत्यावरून पाडले. न्यायसभेतला श्रोता घडून गेलेल्या गोष्टीचा निवाडा करतो, नागरिकांच्या सभेतला पुढे काय करायचे ते ठरवतो आणि समारंभातला नुसता प्रेक्षक असतो. दीक्षान्त भाषण या तिसऱ्या प्रकारात मोडते. तिथल्या श्रोत्याचे निम्मे लक्ष अंगावरच्या झग्याकडे आणि नंतरच्या फोटोकडे असते, हे वक्त्याने धरूनच चालावे.

पटवून देण्याची साधने त्याच ग्रंथात तीन सांगितली आहेत: बोलणाऱ्याविषयीचा विश्वास, ऐकणाऱ्याची मनःस्थिती आणि युक्तिवाद. नव्या पदवीधराची सारी भिस्त तिसऱ्यावर असते. ग्रामसभेत नळयोजना समजावून सांगणाऱ्या तरुण अभियंत्याचे आकडे चोख असतात. टाकीची क्षमता, माणशी लिटर, वीजबिल, सगळे तोंडपाठ. पण मागच्या योजनेची टाकी गावात कोरडी उभी असते आणि सभेला आधी तिच्याविषयी ऐकायचे असते. तो विषय टाळला की पुढचे आकडे खरे असूनही कोणी मनावर घेत नाही.

संवादाची जी आकृती पाठ्यपुस्तकांत सर्रास दिसते, ती मुळात दूरसंचाराची आहे. बेल प्रयोगशाळेतल्या क्लॉड शॅनन यांनी 1948 मध्ये ती मांडली: संदेशाचा उगम, प्रेषक यंत्र, वाहिनी, ग्राहक यंत्र आणि अखेरचे ठिकाण; वाहिनीत मिसळणारा गोंगाट वेगळा. संदेशाच्या अर्थाशी या गणिताला कर्तव्य नाही, असे त्यांनी सुरुवातीलाच बजावले होते. आकृती माणसांना लावताना हा इशारा गळून गेला. माणसांमधला गोंगाट खरखरणाऱ्या माइकपुरता नसतो. अनोळखी परिभाषा, भूक, वक्त्याविषयीचा आकस, सभागृहातला उकाडा, हे सगळे त्यातच येते. शिवाय मूळ आकृतीत उलट येणाऱ्या प्रतिसादाला जागाच नव्हती; ती नंतरच्या अभ्यासकांनी करून दिली.

हा प्रतिसाद कसा वापरावा, हे महाराष्ट्रात कीर्तनाइतके दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळेल. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान अशी वाटणी असते. आधी विचार, मग त्याला धरून कथा. वारकरी कीर्तनात मागे टाळकरी उभे असतात. निरूपण लांबले, पुढची मंडळी चुळबुळू लागली, की बुवा विठ्ठलनामाचा गजर सुरू करतात. टाळ वाजतात, बसलेलेही टाळ्या धरतात आणि सुटलेले लक्ष ठिकाणावर येते. गाडगेबाबा तर याच्याही पुढे गेले. साध्या वऱ्हाडी बोलीत ते प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घेत. कर्ज काढून केलेल्या सणासमारंभांविरुद्धचा किंवा पशुबळीविरुद्धचा निष्कर्ष मग लोकांना उपदेश न वाटता स्वतःचाच वाटे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने 1875 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेने व्यासपीठावरच्या वैचारिक भाषणाची परंपरा रुजवली. तिची शिस्त वेगळी, पण उलटटपाली उत्तर मिळवण्याची ही हातोटी कीर्तनाचीच.

देहबोलीबद्दल एक गैरसमज खोडायला हवा. संवादात शब्दांचा वाटा अवघा 7 टक्के, आवाजाचा 38 आणि चेहऱ्याचा 55, असे प्रशिक्षण वर्गांत ठामपणे सांगितले जाते. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 मधल्या प्रयोगांतून आले. ते प्रयोग आवड-नावड कशी ओळखली जाते एवढ्यापुरतेच होते; शब्द एक सांगतो आणि सूर किंवा चेहरा दुसरेच, अशा वेळी माणूस कशावर विश्वास ठेवतो, हा तिथला प्रश्न. हे प्रमाण सगळ्या संवादाला लागू नाही, असे खुद्द मेहराबियन यांनीही स्पष्ट केले आहे. शब्दांचा वाटा खरोखर एवढा कमी असता, तर अनोळखी भाषेतले व्याख्यान नुसते पाहून समजले असते.

भाषणानंतरच्या प्रश्नोत्तरांना शेपूट समजून गुंडाळण्याची पद्धत आहे. प्रश्न माइकवरून पुन्हा उच्चारावा; मागच्या रांगेला तो ऐकू जातो आणि वक्त्याला तो नीट कळला की नाही, हे प्रश्नकर्त्याला तिथल्या तिथे तपासता येते.