संगणकवाल्यांच्या लुटुपुटूच्या लढाया

कोणत्याही धंद्यात चार माणसे एकत्र आली, की दोन तट पडायला वेळ लागत नाही. आचाऱ्यांत मोदक उकडीचा खरा की तळणीचा खरा, यावर पडतील. गवयांत घराण्यांवरून पडतील. मिसळ पुण्याची की कोल्हापूरची, यावर तर धंदा नसलेल्यांतही पडतील! वाद घालणाऱ्याला पक्के ठाऊक असते, की समोरचा काही आज आपले मत सोडणार नाही. तरी वाद होतो, आणि चहाचा दुसरा कप येईपर्यंत तो चांगला रंगतो. आज अशाच एका धंद्यातल्या वादांविषयी तुमच्याशी चार शब्द बोलायचे आहेत. हा धंदा तसा तरुण. त्याचे वय पाऊणशे वर्षांच्या आसपास. पण एवढ्या काळात त्याने आपली दैवते, आपल्या दंतकथा, आपल्या म्हणी आणि आपली भाऊबंदकी असे सगळे उभे केले आहे. हा धंदा संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचा.

तुम्ही म्हणाल, या रुक्ष माणसांत कसला आलाय वाद? यंत्राला ना राग ना लोभ, आणि दोन अधिक दोन चारच होणार. तुमचे म्हणणे खरे आहे. जिथे हिशेबाने उत्तर निघते तिथे हे लोक भांडत नाहीत. भांडण होते ते जिथे दोन्ही वाटा गावाला पोचतात तिथे.

पहिले भांडण बघा. प्रोग्रॅम लिहायचा तर कागद-पेन्सिल हवी. संगणकातल्या या कागद-पेन्सिलीला एडिटर म्हणतात. वर्तमानपत्राच्या संपादकाशी त्याचे नाते नाही. १९७६ साली अमेरिकेच्या दोन टोकांना दोन एडिटर आकाराला आले. पश्चिमेला बर्कलीच्या विद्यापीठात बिल जॉय नावाच्या विद्यार्थ्याने 'व्हीआय' लिहिला, आणि पूर्वेला एमआयटी या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन, गाय स्टील आदी मंडळींनी 'ईमॅक्स' उभा केला. जॉयचे काम टेलिफोनच्या तारेवरून चाले, आणि त्या तारेवरून सेकंदाला जेमतेम तीस अक्षरे येत. तेव्हा प्रत्येक कळ मोजूनमापून दाबायची. म्हणून त्याने एकेका अक्षराचे हुकूम केले. व्हीआयमध्ये कळ दाबली की अक्षर उमटत नाही, हुकूम सुटतो. लिहायचे असेल तर 'आता लिहितो हं' असे आधी सांगावे लागते. जॉयच्या टेबलावरच्या यंत्रात एच, जे, के, एल या चार कळांवर बाण काढलेले होते. त्याने डावी-उजवीकडे, वर-खाली जायला त्याच चार कळा घेतल्या. ते यंत्र केव्हाच मोडीत गेले, पण त्या चार कळा आजही तेच काम करतात.

ईमॅक्सवाल्यांचा विचार निराळा. त्यांचे म्हणणे, एडिटर हा वापरणाऱ्याने आपल्या सोयीने बदलावा. मग काय, प्रत्येकाने वाड्याला एकेक खोली जोडली! पत्रे वाचा, रोजनिशी लिहा, कंटाळा आला तर खेळ खेळा. सगळे त्या एका वाड्यात. व्हीआयवाले म्हणतात, "वाडा झकास आहे हो, फक्त बसून लिहायला जागा तेवढी नाही." ईमॅक्सवाले उलट विचारतात, "तुमच्या खोलीतून बाहेर कसं पडायचं, ते सापडलं का?" कारण व्हीआय बंद करण्याचा हुकूम नवख्याला सापडत नाही, हे जगजाहीर आहे. स्टॉलमनसाहेबांनी तर कमाल केली. भाषणाच्या शेवटी ते अंगात झगा घालीत, डोक्यामागे संगणकाची जुनी मोठी तबकडी प्रभावळीसारखी लावीत आणि स्वतःला 'संत इग्नूशियस' म्हणवून ईमॅक्सच्या पंथाचा उपदेश करीत. रोमन आकड्यांत व्ही आणि आय मिळून सहा होतात. तेव्हा व्हीआय तीनदा लिहिले की सहाशे सहासष्ट, म्हणजे बायबलातल्या सैतानी पशूचा आकडा! तरीही व्हीआय वापरणे हे पाप नव्हे, प्रायश्चित्त आहे, अशी सूट ते देत.

या थट्टेच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. आयुष्यभर विळीवर भाजी चिरलेल्या आजीच्या हातात सुरी द्या आणि "हिने लवकर होतं" असे सांगून पाहा. आजी ऐकणार नाही; कारण विळी आता तिच्या हाताचाच भाग झाली आहे. एडिटरचे तसेच आहे. वीस वर्षे बोटांत मुरलेली सवय कोणी नावाजली तर माणूस सुखावतो, नावे ठेवली तर चिडतो. आणि या हत्यारांमागे माणसेही असतात. ब्राम मूलेनार या डच गृहस्थाने १९९१ साली व्हीआयची सुधारलेली आवृत्ती 'व्हिम' लोकांना दिली. पुढे १९९४ साली तो युगांडातल्या किबाले गावी पोरक्या मुलांच्या कामासाठी गेला. व्हिमची किंमत त्याने कधी घेतली नाही. द्यायचेच असेल तर त्या मुलांना द्या म्हणाला. वर्षानुवर्षे व्हिम उघडला की पडद्यावर युगांडातल्या मुलांना मदत करण्याची विनंती दिसत आली. २०२३ साली मूलेनार गेला. त्याचे काम इतरांनी पुढे चालू ठेवले.

दुसरे भांडण याहून मौजेचे आहे, आणि ते समजायला मराठी माणसाला तर काहीच कठीण नाही. आपण 'पंचवीस' म्हणतो तेव्हा पाच आधी बोलतो आणि वीस मागून. पण पाटीवर लिहिताना दोन आधी काढतो, पाच नंतर. जीभ एका टोकाने सुरुवात करते, हात दुसऱ्या टोकाने! २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस' ऐवजी 'वीस एक' अशी संख्या वाचण्याची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गहजब झाला, ते तुम्हांला आठवत असेल. संगणकातही मोठी संख्या एका घरात मावत नाही. ती शेजारशेजारच्या घरांत पसरून ठेवावी लागते. मग पहिल्या घरात थोरला भाग ठेवायचा की धाकटा? काही यंत्रे थोरला आधी ठेवीत, काही धाकटा. एक गंमत नेहमी सांगितली जाते. 'युनिक्स' ही प्रणाली एका जातीच्या यंत्रावरून दुसऱ्या जातीच्या यंत्रावर नेली, तेव्हा तिच्या इंग्रजी नावातली अक्षरे जोडीजोडीने उलटली आणि पडद्यावर 'युनिक्स'च्या जागी 'नुक्सी' असे नाव उमटले.

१ एप्रिल १९८० रोजी डॅनी कोहेन या संगणकशास्त्रज्ञाने या वादावर एक लेख लिहिला. तारीख लक्षात घ्या! जोनाथन स्विफ्टच्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' या १७२६ सालच्या पुस्तकात लिलिपुटचे बुटके लोक, उकडलेले अंडे मोठ्या टोकाकडून फोडावे की लहान टोकाकडून, यावरून लढाया करतात. कोहेनने तीच नावे उचलून संगणकवाल्यांना चिकटवली, आणि आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत तीच नावे शिकवतात. थट्टेची परिभाषा झाली ती अशी. पण लेखाचे सार गंभीर होते. कोणते टोक आधी घ्यावे याहून, सगळ्यांनी एकच टोक घ्यावे हे महत्त्वाचे, असे तो सांगत होता. ती एकवाक्यता काही झाली नाही. इंटरनेटच्या मूळ नियमांत थोरले टोक आधी येते, इंटेलच्या यंत्रांत धाकटे. तुमच्या घरातला संगणक दूरच्या संगणकाशी बोलतो तेव्हा या उलटापालटीचा हिशेब त्याला अजून ठेवावा लागतो.

आता यांच्या लोकवाङ्मयाकडे वळू. आपण 'अमुक-तमुक' म्हणतो, तसे हे लोक नाव सुचले नाही की 'फू' आणि 'बार' म्हणतात. आपण कामाचा श्रीगणेशा करतो, तसा नवी भाषा शिकणारा आधी जगाला नमस्कार सांगणारा दोन-चार ओळींचा प्रोग्रॅम लिहितो. कर्निगन आणि रिची यांच्या १९७८ सालच्या पुस्तकाने ही प्रथा सर्वतोमुखी केली. १९७५ साली स्टॅनफर्डमध्ये राफाएल फिंकेल याने या बोलीतल्या शब्दांची यादी करायला घेतली. ती पुढे अनेक हातांनी वाढली आणि १९८३ साली पुस्तकरूपाने निघाली.

दंतकथा म्हटल्या की त्यात मीठमसाला आलाच. प्रोग्रॅममधल्या चुकीला 'बग', म्हणजे किडा, म्हणतात. कथा अशी सांगतात, की ग्रेस हॉपर या बाईंनी यंत्रात अडकलेला पतंग पकडला आणि त्यावरून हा शब्द पडला. पतंग खरा आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या 'मार्क दोन' या यंत्रात तो सापडला, आणि नोंदवहीत चिकटवून ठेवलेला तो पतंग अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मात्र तो हॉपरबाईंनी पकडला नव्हता. त्यांनी ही गोष्ट रंगवून सांगितली आणि सर्वदूर नेली. शब्द तर त्याहून जुना. एडिसनने १८७८ सालीच यंत्रातल्या दोषाला हा शब्द लावला होता. म्हणूनच नोंदवहीत 'खराखुरा किडा सापडला' अशा अर्थाची थट्टेची ओळ आहे. आधी शब्द होता, मागून किडा आला!

आपल्याकडे शाहिरांत कलगीवाले आणि तुरेवाले असतात. शक्ती थोर की शिव थोर, यावर सवाल-जवाब झडतात. एका फडाने कोडे घालायचे, दुसऱ्याने ते सोडवायचे, आणि ऐकणाऱ्याच्या पदरात पुराणातले चार दाखले पडायचे. संगणकवाल्यांच्या वादाचेही काम हेच आहे. ते चार कळांचे बाण, ती संथ टेलिफोनची तार कोणत्या शाळेत कोणी शिकवली नसती. भांडणाच्या ओघात ती एका पिढीकडून दुसरीकडे आली.

मात्र वाद लुटुपुटूचा राहिला पाहिजे, आणि ते नेहमी सोपे नसते. यंत्राचा सगळा कारभार पाहणाऱ्या प्रोग्रॅमला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. तो यंत्राचा कारभारीच समजा. ॲम्स्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी १९८७ साली 'मिनिक्स' नावाचा असा कारभारी लिहिला होता. हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स त्यांचे पुस्तक वाचून शिकला, आणि १९९१ साली त्याने आपला 'लिनक्स' लिहिला. २९ जानेवारी १९९२ रोजी प्राध्यापकांनी जाहीरपणे लिहिले, की लिनक्सची घडण जुनाट आहे. प्रश्न असा होता, की कारभाऱ्याने सगळी खाती आपल्याच हाती ठेवावी, की ती निरनिराळ्या कारकुनांकडे सोपवून आपण मोजके काम पाहावे? टॅनेनबॉम दुसऱ्या पक्षाचे, टोरवाल्ड्सचा लिनक्स पहिल्या पक्षाचा. बावीस वर्षांच्या पोराने त्याच दिवशी तडकून उत्तर दिले. प्राध्यापकांनी टोला हाणला, की माझा विद्यार्थी असतास तर या घडणीला फारसे गुण मिळाले नसते. पण मुलाने दुसऱ्याच दिवशी आपल्या तिखट भाषेबद्दल जाहीर माफी मागितली होती. मत मात्र त्याने सोडले नाही.

बारा वर्षे गेली. २००४ साली वॉशिंग्टनच्या एका संस्थेने असा संशय पुढे आणला, की एकटा विद्यार्थी एवढे काम कसे करील? त्याने मिनिक्सवरूनच उचलले असेल! तेव्हा टोरवाल्ड्सच्या बाजूने उभे राहिले ते टॅनेनबॉमच. याने माझे काही चोरलेले नाही, लिनक्स त्याने स्वतः लिहिला, अशी साक्ष त्यांनी जाहीरपणे दिली. आणि त्याच लेखात, माझी पद्धत अजूनही श्रेष्ठ आहे, असेही बजावले! वादाचा असा निकाल मला फार आवडतो. आज अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनमध्ये लिनक्स आहे. आणि इंटेलच्या चिपांच्या पोटात मिनिक्स बसलेला आहे, हे २०१७ साली सर्वांना कळले. दोन्ही वाटा गावाला पोचल्या.

आता सावधगिरीची एक गोष्ट सांगून पुरे करतो. बरोबरीच्या माणसांतली थट्टा वेगळी, आणि नवख्यापुढची वेगळी. तालुक्याच्या गावाहून आलेली एखादी मुलगी पहिल्या नोकरीत रुजू होते, आणि कोणी तिला विचारते, "हे काय वापरतेस? खरे प्रोग्रॅमर हे वापरत नाहीत." बोलणाऱ्याच्या लेखी तो जुना विनोद असतो. तिला तो विनोद कोणी सांगितलेला नसतो, म्हणून तिला तो दारावरचा अडसर वाटतो. कळा कोणत्या दाबाव्या यावर खुशाल भांडावे. पण त्यावरून कोणाला धंद्यात घ्यायचे नि कोणाला बाहेर ठेवायचे हे ठरू लागले, तर तो कलगी-तुरा न राहता जातपंचायत होते.

तुमच्या घरात किंवा शेजारी कोणी प्रोग्रॅम लिहिणारे असेलच. चहाच्या वेळी सहज विचारून पाहा, "व्हीआय बरा की ईमॅक्स?" कदाचित त्या तरुणाने दोहोंपैकी एकही वापरलेला नसेल. मग विचारा, की ओळ आत सरकवताना टॅबची कळ दाबावी की स्पेसची? त्याच्या डोळ्यांत चमक येईल, आणि मग पुढचा अर्धा तास तुम्हांला फक्त ऐकायचे आहे. ऐकून घ्या. आणि एक उपप्रश्न जरूर विचारा, "पलीकडच्या पक्षाचं म्हणणं काय आहे?" ते त्याने मनापासून, खोट न काढता सांगितले, तर खुशाल समजा, की पोरगा आपल्या धंद्यात चांगला मुरला आहे.