पाटा वाढवण्याआधी

(स्त्री-गटांच्या कार्यकर्त्या शिबिरात केलेले भाषण)



समाजकार्याची पदवी घेतलेल्या बाईने पिकअपच्या पाट्यांवर काय बोलायचं, असं काहीजणींना वाटलं असेल. पण ज्या बचत गटाबरोबर मी काम करते, त्या गटाने भाजी बाजार समितीत नेण्यासाठी जुनी पिकअप घेतली. पावसाळा संपता संपता गाडी मागून बसली. एका गॅरेजमध्ये नेली, तर मिस्त्रीने गाडी पाहिली, बायका पाहिल्या आणि विचारलं, “घरातलं कुणी माणूस नाही का आलं?” समोर पाच बायका उभ्या होत्या. मग पुढचं वाक्य : “एकेक पाटा वाढवून देतो. मग भरा किती भरायचं ते.”

यातून दोन प्रश्न निघाले. हे काम आपल्याला जमेल का? आणि पाटा वाढवावा का? पहिला सोपा आहे, दुसरा अवघड.

आधी रचना समजून घेऊ. मागच्या ॲक्सलवर दोन्ही बाजूंना पोलादी पाट्यांचा जुडगा असतो. मुख्य पाटा सर्वात लांब, त्याच्या दोन्ही टोकांना गोल डोळे. पुढचा डोळा चासीला बोल्टने जोडलेला, मागचा शॅकलच्या झुलत्या कडीत. वजन पडलं की कमान सरळ होते, पाटा लांबतो; म्हणून मागे सरकायला जागा ठेवलेली असते. सगळे पाटे मधोमध सेंटर बोल्टने ओवलेले आणि यू बोल्टांनी ॲक्सलला आवळलेले. भार पेलणं पाट्यांचं काम, उसळी शमवणं शॉकॲब्सॉर्बरचं.

गटातल्या दोघींनी ओळखीच्या एका मिस्त्रीला अंगणात बोलावलं आणि अट घातली : तुम्ही सांगायचं, हात आमचे. तपासलं तेव्हा कळलं की पाटे कमी नव्हतेच. एक पाटा तुटला होता आणि एका शॉकॲब्सॉर्बरमधून तेल गळत होतं. गाडी कशाने बसली, हे मात्र गॅरेजमध्ये कुणी पाहिलंच नव्हतं.

काम असं झालं. जमीन सपाट आणि टणक हवी. चाकाचे नट गाडी खाली असतानाच ढिले करायचे. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके लावायचे, कारण हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो आणि ती उचलली की त्याचा उपयोग उरत नाही. चासीखाली मजबूत लोखंडी स्टँड लावल्याशिवाय गाडीखाली जायचं नाही. नुसत्या जॅकच्या भरवशावर तर मुळीच नाही. दुसरा जॅक ॲक्सलखाली. मग शॉकॲब्सॉर्बर सोडवायचा, यू बोल्टचे नट काढायचे, ॲक्सल हळूहळू खाली घ्यायचा. ब्रेकच्या नळीला ताण पडू द्यायचा नाही. शेवटी डोळ्यांचे बोल्ट. गंजलेल्या नटाला पान्यावर पाइप चढवला की जोर पुरतो. आपल्या अंगात ताकद नसते हे आपल्याला लहानपणापासून सांगितलं जातं. पाइप केवढा लांब घ्यायचा ते कुणी सांगत नाही.

धोका पुढे असतो. जुडगा ताणलेला असतो. शिकंजात घट्ट धरल्याशिवाय सेंटर बोल्ट उघडला, तर पाटे उसळून माणूस जखमी करतात. परत बसवताना सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलवरच्या बैठकीच्या भोकात नीट बसलं पाहिजे, नाहीतर ॲक्सल तिरका होतो. यू बोल्ट नवेच घ्यायचे, समोरासमोरचे नट आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे आणि शेवटी टॉर्क पान्याने मापायचे. डोळ्यांचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच पक्के करायचे. हवेत असताना आवळले तर आतलं रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं. काहीशे किलोमीटर झाल्यावर यू बोल्ट पुन्हा तपासायचे.

आता दुसरा प्रश्न. गटात यावर वाद झाला. काहीजणींचं म्हणणं, पाटा वाढवला तर एका खेपेत जास्त क्रेट जातील, डिझेल वाचेल. हे म्हणणं खोटं नव्हतं. हप्ता फेडायचा होता. पण पाटा वाढवल्याने ॲक्सल, टायर, चासी आणि ब्रेक बळकट होत नाहीत. फक्त गाडी बसलेली दिसत नाही, म्हणजे धोक्याची खूण तेवढी पुसली जाते. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब भाराप्रमाणे कमीजास्त करणारा व्हॉल्व असतो. तो चासी आणि ॲक्सल यांतलं अंतर मोजतो. ताठ पाट्यांमुळे अंतर वाढलेलं राहिलं, की त्याला भरलेली गाडीही रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. घाटात याचा अर्थ काय, ते सांगायला नको.

कायदाही पाहा. नोंदणी पुस्तकातलं भारासह एकूण वजन पाट्याने बदलत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला वीस हजार रुपये दंड आहे, शिवाय दर जादा टनाला दोन हजार.

आणि शेवटी त्या गाडीत कोण बसतं? मुकादमाने गटाकडे पिकअप भाड्याने मागितली होती, मजूर बायका शेतावर न्यायला. रिकाम्या हौद्यात ताठ पाट्यांचा प्रत्येक खड्डा थेट बसणाऱ्या बाईच्या कण्यात जातो. हौद्यात उभी माणसं असली की गाडीचा तोल वर सरकतो आणि वळणावर ती सहज कलंडते. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची भरपाई देण्याचं बंधन विमा कंपनीवर नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये म्हटलं आहे. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी यांना १९९४ च्या दुरुस्तीने संरक्षण मिळालं. मजुरी करायला निघालेली बाई त्यात बसत नाही. अपघात झाला तर गाडीच्या मालकाकडे हात पसरायचा. इथे मालक म्हणजे आपणच, दुसऱ्या बायका!

गटाने ठरवलं : तुटल्या पाट्याच्या जागी त्याच मापाचा पाटा, नवे शॉकॲब्सॉर्बर, भार पुस्तकात लिहिला तेवढाच. बाजाराच्या दिवशी दोन खेपा. मुकादमाला नकार. पैसे कमी मिळाले, हे लपवण्यात अर्थ नाही.

तेव्हा आपल्या गटांनी तीन गोष्टी कराव्यात. गाडी असेल तर नोंदणी पुस्तक बैठकीत मोठ्याने वाचा. हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केलं आहे. तर परवाने काढा. आणि मजूर बायकांच्या वाहतुकीची मागणी मजुरीच्या मागणीइतकीच ठामपणे मांडा : बसायला बाक असलेली, प्रवासी परवान्याची, विमा असलेली गाडी. पाना हातात घेणं आपण शिकू. पण सोसण्याची आपली ताकद वाढवायला कुणी एकेक पाटा चढवत राहील, तर तेव्हा नाही म्हणणंही शिकायला हवं.