विसाव्याची खोली



देवबागाला एकीकडे समुद्र, दुसरीकडे कर्ली नदी. रात्री दुखणेकरी निघाला की मालवण, मग ओरोस, आणि तेथेही भागले नाही तर गोव्यात बांबोळी. प्रत्येक दारात आपण विचारतो, ‘डॉक्टर आहेत का?’ ते कधीपासून जागे आहेत, हे विचारण्याची आपली रीत नाही.

रापणीचा दोर एकट्याने ओढत नाही, हे येथे कोणाला शिकवावे लागत नाही. रुग्णालयाचेही तसेच, पण परिचारिका, सफाई कामगार यांना तेथे आपण वाटेकरी मानतच नाही!

२७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर पाशवी हल्ला झाला, तो काम संपवून तळघरात कपडे बदलताना. २०१५ साली ती वारली, तोवर तेथील परिचारिकांनीच तिची शुश्रूषा केली. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीची तरुण डॉक्टर विसावली ती चर्चासत्राच्या दालनात. तेथेच तिचा बळी गेला. पन्नास वर्षांत कडी लागणारी एक खोली आपल्याला देता आली नाही!

महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने रुग्णालयातील हिंसेला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. कायदा हवाच, पण तो घाव पडल्यावर धावतो. खोली आणि तिच्या वाटेवर दिवा, याला फार पैसा लागत नाही. पाळीनंतर हक्काची झोप मिळायची तर मात्र माणसे वाढवावी लागतील, रिकाम्या जागा भराव्या लागतील. नव्या इमारतीच्या उद्घाटनाला आपण गर्दी करतोच. तेव्हा परिचारिकांची खोली कोठे आहे, एवढे विचारून या.