मंडालेचा राजा, रत्नागिरीची नात



वसंत ऋतूत कोकणचे नाव निघाले की पहिली आठवण होते ती आंब्याची, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु ज्याचा आपण एवढा अभिमान धरतो तो हापूस नावाने परकाच आहे. आफोन्सो द अल्बुकर्क या पोर्तुगीजाच्या नावाचा तो अपभ्रंश. काजू मूळचा ब्राझीलचा, तोही पोर्तुगीजांनीच आणला. पाव, चावी, पगार हे शब्द त्यांचेच. समुद्राकाठच्या मुलखाने हे सारे पचवले. पण फळ पचवणे सोपे, माणूस आपलासा करणे कठीण. मध्यंतरी आम्ही रत्नागिरीस जाऊन आलो, तेव्हापासून हा विचार मनात घोळत आहे.

रत्नागिरीत नवख्या माणसाला दोन वास्तू हटकून दाखवतात. पहिली टिळक आळीतली. तेथे १८५६ साली लोकमान्यांचा जन्म झाला. दुसरी म्हणजे थिबा राजाचा वाडा. लाल विटांची ही तीन मजली इमारत १९१० साली पुरी झाली. अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्या, त्यांत रंगीत काचा, आणि टेकाडावरून दिसणारी खाली खाडी व पलीकडे समुद्र. आता तेथे वस्तुसंग्रहालय आहे. पाहणारा म्हणतो, 'काय हवेशीर जागा!' पण ही जागा होती बंदिवानासाठी.

१८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतले. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला राणीसह प्रथम मद्रासेस व १८८६ साली रत्नागिरीस आणले. तेव्हा त्याचे वय अवघे सत्तावीस. जागा विचारपूर्वक निवडलेली होती. आगगाडी नाही, पावसाळ्यात बोटी बंद. पहारा समुद्रच करणार! असाच डाव इंग्रजांनी पूर्वीही टाकला होता. दिल्लीचा बादशहा बहादूरशहा जफर याला त्यांनी १८५८ साली रंगूनला पाठवले व १८६२ साली तो तेथेच वारला. पुढे १९०८ ते १९१४ ही सहा वर्षे पाहा. रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहीत आहेत, आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत समुद्राकडे पाहत बसला आहे. टिळक परत आले. थिबा परतला नाही. १९१६ च्या डिसेंबरात त्याने रत्नागिरीतच देह ठेवला.

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे सांगितले तिच्याकडे वळतो. राजाच्या थोरल्या मुलीचा जीव राजवाड्यात चाकरीला असलेल्या गोपाळ सावंत या मराठी माणसावर जडला. त्यांना टूटू नावाची मुलगी झाली. राजाच्या मृत्यूनंतर १९१९ साली राणी व मुली ब्रह्मदेशास गेल्या. परंतु थोरली राजकन्या मुलीला घेऊन पुन्हा रत्नागिरीस आली आणि १९४७ साली तेथेच वारली. टूटू मराठी बोलली, रत्नागिरीत तिने संसार केला, गोवऱ्या थापल्या, हलाखीत दिवस काढले, आणि २००० साली तेथेच डोळे मिटले.

इंग्रजांची अशी अटकळ होती की, अनोळखी भाषेच्या मुलखात राजघराणे एकाकी पडेल. ती अटकळ एका मुलीच्या प्रेमाने खोटी ठरवली. या गोष्टीचा आपल्याला अभिमान वाटतो. पण श्रोतेहो, तेवढ्यावर थांबणे प्रामाणिकपणाचे होईल काय? टूटूला आपण आपली म्हटले हे खरे. तिचे दारिद्र्य आपण पाहत राहिलो, हेही तितकेच खरे. आपली म्हणणे आणि आपल्या माणसासारखे वागवणे, यांत अंतर असते. 'अतिथी देवो भव' म्हणणाऱ्यांनी ते मोजून पाहावे.

राजाची समाधी रत्नागिरीत आहे. २०१२ च्या मे महिन्यात आपले पंतप्रधान मनमोहनसिंग जफरच्या मजारीवर गेले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीला येऊन गेले. दोन्ही देशांचे राजे एकमेकांच्या मातीत निजले आहेत. ही परस्परांकडे ठेवलेली ठेव आहे. ती परत न्यायची की नाही, हे ज्यांची आहे त्यांनी ठरवावे. ती नीट सांभाळणे एवढे आपल्या हाती आहे.

तेव्हा यंदा आंब्यासाठी कोकणात उतराल तर वाडा पाहून माघारी फिरू नका. वाट वाकडी करून समाधीपाशी जा. मुले बरोबर असतील तर त्यांना राजाची गोष्ट सांगा, आणि त्याच्या नातीची सांगायला विसरू नका. राजाला आणले इंग्रजांनी. नात मात्र आपली होती.