टाळ थांबेना

(शताब्दी वर्षाच्या वारीत नातेपुते मुक्कामी, रात्रीच्या भोजनानंतर राहुटीत सांगितलेले चिंतन. बोलले गेले तसेच ठेवले आहे.)

बरडपासून चालून सगळ्यांचे पाय भरून आलेत, त्यामुळे लांबण लावत नाही. दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून जुन्या माळकऱ्यांनी चार शब्द बोलावेत, असं विणेकरीबाबांनी सांगितलं. दिंडीचा इतिहास सांगणारे माझ्यापेक्षा जाणते इथं बसलेत. मला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती माझ्या अंगावरून गेलेली आहे.

संध्याकाळी समाजआरती झाली. नव्यानं आलेल्या मायमाउलींसाठी सांगतो. पालखी तळावर आली, सगळ्या दिंड्या उभ्या राहिल्या, टाळमृदंगाचा एकच गजर. मग चोपदारांनी चोप वर केला आणि सगळे टाळ एकदम गप्प. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती दिंडी गप्प बसत नाही. तिचा टाळ वाजतच राहतो. कुणी तिच्यावर ओरडत नाही. चोपदार तिथं जातात, काय झालं म्हणून विचारतात, ऐकून घेतात, आणि टाळ थांबतो. मग हरवल्या-सापडल्याचा पुकारा होतो आणि आरती.

तसा एक टाळ माझ्या आत सहा वर्षं वाजत होता.

आम्ही दोघं भाऊ. वाटण्या झाल्या, पण विहीर सामाईक राहिली. चार दिवस दादाची पाळी, चार दिवस माझी. एका उन्हाळ्यात पाणी खाली गेलं, शब्दानं शब्द वाढला आणि मी मोटरच्या पेटीला कुलूप घातलं. दादाची पाळी बंद. बोलणंही बंद. भिंतीला भिंत लागून घरं, पण चार वर्षं एकमेकांचं तोंड बघितलं नाही. मग दादा आजारी पडला. वहिनींनी पोराला पाठवलं, “काका, बाबा बोलावताहेत, बघून जा.” त्या आठवड्यात रात्रीची लाईट होती. उसाला दारं धरायची होती. मी म्हटलं, “उद्या येतो.” दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो, तर त्यांच्या दारात माणसं जमलेली.

आता पांडुरंगाच्या वाटेवर खोटं कशाला बोलू? लाईट हे निमित्त होतं. त्या दारात पाय टाकायची लाज वाटत होती.

पुढच्याच आषाढीला मी माळ घातली आणि आपल्या दिंडीत आलो. चपला घरी काढून ठेवल्या. म्हटलं, पायाची सालटी निघू देत, त्याशिवाय फिटायचं नाही. वाटेत बारकं पोर भेटलं तरी माउली म्हणून वाकायचो. अनोळखी माणसांच्या किती पाया पडलो असेन, त्याची मोजदाद नाही. शेजारच्या घरातल्या सख्ख्या भावाच्या मात्र पाया पडता आलं नव्हतं. चंद्रभागेत बुडी मारली की वाटायचं, गेलं धुऊन. गावच्या वेशीत आलो, दादाचं घर दिसलं, की टाळ पुन्हा सुरू.

सहाव्या वर्षी लोणंदला आपल्यातलेच एक म्हातारबा, आता ते नाहीत, माझ्या फोडात सुईदोरा ओवत होते. म्हणाले, “हे कुणासाठी चाललंय?” तोवर कुणी विचारलंच नव्हतं. मी सगळं सांगितलं. त्यांनी दोरा कापला, हळद लावली आणि विचारलं, “तुझ्या ह्या फोडांनी पुतण्याच्या उसाला पाणी मिळालं का?” मी म्हटलं, “नाही.” म्हणाले, “मग चपला घाल.”

त्या रात्री मला झोप नाही. माउलींचे आईवडील आठवले. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीमातेनं देहान्त प्रायश्चित्त घेतलं, असं परंपरा सांगते. त्यापरतं प्रायश्चित्त नाही. पण त्यानं लेकरांवरचा बहिष्कार उठला का? त्या चार भावंडांना शुद्धिपत्रासाठी पैठणला पायपीट करावीच लागली. शिक्षा भोगणारे भोगून गेले आणि मागच्यांच्या दारातला काटा तिथंच राहिला.

आणि दुसरे आठवले तुकोबा. 1630 च्या दुष्काळात घरचं माणूस अन्नावाचून गेलं. नंतर त्यांनी काय केलं? सावकारीच्या खतांची वाटणी केली, धाकट्या भावाचा, कान्होबाचा हिस्सा त्याला काढून दिला आणि आपल्या हिश्श्याची खतं इंद्रायणीत बुडवली. कुळं मोकळी झाली. ही कथा मी लहानपणापासून ऐकत होतो, पण भावाचा हिस्सा आधी दिला, हे तोवर कानात शिरलं नव्हतं.

काला करून गावी आलो. घरी न जाता प्रसाद घेऊन सरळ वहिनींच्या दारात गेलो, पाया पडलो आणि पेटीची किल्ली त्यांच्यापुढे ठेवली. मला वाटलं होतं रडारड होईल, गळाभेट होईल. तसलं काही झालं नाही. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही पंढरीला अनवाणी जात होता, तेव्हा पोराचा दोन एकर ऊस पाण्यावाचून वाळला.” प्रसाद कपाळाला लावला, किल्ली उचलली आणि आत गेल्या.

त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. सहा वर्षं मी स्वतःला वाईट म्हणून घेत होतो आणि त्यालाच भक्ती समजत होतो. त्या सगळ्या वेळात कुलूप जिथल्या तिथं होतं! मी नुसता माझ्याच पायांकडं बघत बसलो होतो.

पुढची दोन वर्षं माझ्या पाळीतले दोन दिवस पुतण्याला दिले. वाळलेल्या उसाचं जमेल तसं भरून दिलं. वहिनींनी अजून ‘माफ केलं’ असं म्हटलेलं नाही. मीही विचारत नाही. ते त्यांच्या मनावर आहे, तिथं आपली पाळी लावता येत नाही.

तुम्ही म्हणाल, मग टाळ थांबला का? तो वाजणारा थांबला. दादाची खंत आहे, ती सरणावर माझ्याबरोबरच जाईल. पण आता गावात कुणाचा ‘बघून जा’ असा निरोप आला की माझ्या तोंडून ‘उद्या’ निघत नाही. मागच्या पौषात असंच दारं अर्ध्यावर सोडून गेलो. ऊस थोडा तहानला, एवढंच. त्या माणसाशी दोन तास बोललो. ते अजून आहेत, देवाच्या दयेनं.

पुतण्या यंदा पहिल्यांदाच वारीला आलाय. माझ्याशी मोजकंच बोलतो. त्याला पाण्याच्या टँकरवर नेमलंय. पहाटे तीनला तो आंघोळीचं पाणी सोडेल. बादल्या घेऊन रांगेत या, गर्दी करू नका. रामकृष्णहरी.