हृदयाच्या स्नायूतील एक प्राचीन वारसा
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात मुलुंड येथे केलेले भाषण)



घरातील कर्ता पुरुष पन्नाशीच्या आसपास धाप लागून गेला, की "हार्ट फेल झाले" एवढे म्हणून आपण विषय मिटवितो. पुढे त्या घरी स्थळ पाहावयास कोणी आले, तर त्या मृत्यूचा उच्चारही होत नाही. घाटकोपर-मुलुंडच्या कित्येक घरांतून हे मौन मी पाहिले आहे.

हृदयाचा स्नायू आकुंचन पावतो तो दोन प्रकारचे सूक्ष्म तंतू एकमेकांवरून सरकल्यामुळे. जाड तंतू मायोसिनचा, बारीक तंतू ॲक्टिनचा. मायोसिनची मुंडकी ॲक्टिनला धरतात, ओढतात आणि सोडतात. या ओढीला लगाम घालणारे प्रथिन म्हणजे मायोसिन-बाइंडिंग प्रोटीन सी. त्याची शेपटी जाड तंतूला बांधलेली असते. या प्रथिनाचा आराखडा ज्या जनुकात आहे, त्यातील २५ अक्षरे काही भारतीयांत गळालेली असतात. अक्षरे थोडी, पण त्यामुळे शेपटीच बदलते आणि प्रथिन तंतूत नीट बसत नाही.

२००३ साली ही त्रुटी दोन भारतीय कुटुंबांत वर्णिली गेली. २००९ साली हैदराबादच्या 'सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायोलॉजी'चे डॉ. थंगराज व त्यांचे सहकारी यांनी दाखविले, की भारतात शंभरांतील सुमारे ४ जणांत ती आढळते. तारुण्यात पेशी हे सदोष प्रथिन मोडून टाकते. वयपरत्वे ती शक्ती मंदावते, प्रथिन साचते आणि हृदय दुबळे होते, असे त्यांचे अनुमान. तोवर मुलेबाळे झालेली असतात! म्हणूनच ही त्रुटी, त्यांच्या अंदाजाप्रमाणे, सुमारे ३३,००० वर्षे टिकली. ती कोणा एका ज्ञातीची नव्हे. साऱ्या ज्ञातींहून जुनी आहे. तेव्हा लपविण्याजोगे त्यात काय आहे?

मात्र शंभरांतील हे चौघे सारेच रोगी नव्हेत. त्याच जनुकातील दुसरा एक बदल जोडीला असला तरच धोका विशेष वाढतो, असे २०१८ पासूनच्या अभ्यासांतून दिसू लागले आहे. आईबाप दोघांकडूनही त्रुटी आली, तर मात्र रोग अधिक तीव्र होतो. मामेबहिणीशी लग्न ठरविताना हे ध्यानात असावे.

ज्या घरी असा मृत्यू झाला असेल, त्या घरच्या भावंडांनी व मुलांनी ईसीजी आणि इको करवून घ्यावा. पहिला अहवाल निर्दोष आला तरी काही वर्षांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने तपासणी पुन्हा करावी. हा रोग उशिरा उगवणारा आहे.