जत्रेचे रंग आणि गांधीलमाशीचा आवाज



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय निवडण्याची मोकळीक मला दिली, तेव्हा बोनस, महागाईभत्ता किंवा कंत्राटी कामगार यांपैकी काहीतरी मी घेईन अशी त्यांची अटकळ असावी. मी निवडला आहे तो एका फ्रेंच विनोदी चित्रपटाचा जीर्णोद्धार. युनियनच्या माणसाने हा विषय घ्यावा, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु हा चित्रपट एका पोस्टमनचा आहे, आणि जुन्या चित्रपटाचे चित्र व आवाज दुरुस्त करायचे म्हणजे काय, हा प्रश्न शेवटी केलेल्या कामाशी इमान राखण्याचा आहे.

चित्रपटाचे नाव 'झूर द फेत', म्हणजे जत्रेचा दिवस. झाक ताती यांनी तो 1947 साली मध्य फ्रान्समधील सेंत-सेव्हेर या खेड्यात चित्रित केला. मुख्य भूमिका त्यांचीच. गावात जत्रा येते; तंबूत अमेरिकेच्या टपालखात्यावरचा एक बोलपट दाखवतात; विमाने, हेलिकॉप्टर, सगळा वेगाचा कारभार. आपला सायकलवाला पोस्टमन फ्रान्स्वा तो पाहून पेटतो, आणि अमेरिकन वेगाने टपाल वाटू लागतो. धावत्या ट्रकच्या मागच्या फळीवर तो पत्रांना शिक्के मारतो. शेवटी नदीत पडतो. शेळी घेऊन चाललेली म्हातारी त्याला समजावते, आणि तो गवत कापणाऱ्यांच्या कामाला हातभार लावतो. काम तेच, माणूस तोच, वेग मात्र दुप्पट हवा, हे मालकाचे गणित आम्ही गिरणगावात 'रॅशनलायझेशन' या नावाने ऐकत आलो. तातींनी ते कुणावर न ओरडता दाखवले.

आता रंगांची हकिकत ऐका. तातींना हा चित्रपट रंगीत करायचा होता, आणि त्यासाठी त्यांनी थॉमसनकलर ही नवी पद्धत घेतली. या फिल्मच्या पाठीवर अतिसूक्ष्म भिंगे उठवलेली असत, आणि कॅमेऱ्याच्या भिंगापुढे लाल, हिरवा व निळा असे तीन पट्टे. फिल्मवर रंग उमटतच नसे. उमटत तो काळ्या-करड्या रेघांत मांडलेला रंगांचा हिशेब. तो पुन्हा उलगडला की पडद्यावर रंग दिसायचे. दुर्दैवाने कंपनीला त्याच्या दाखवण्याजोग्या प्रती काढता आल्याच नाहीत. खबरदारी म्हणून शेजारी दुसरा, कृष्णधवल कॅमेरा चालवला होता, म्हणून चित्रपट वाचला. 1949 साली तो कृष्णधवल रूपात प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी व्हेनिसला पटकथेचे पारितोषिक मिळवून गेला. आपल्याकडेही 1933 साली प्रभातच्या 'सैरंध्री'च्या रंगीत प्रती जर्मनीत करून घेतल्या होत्या, परंतु रंग मनाजोगे उतरले नाहीत. नव्या यंत्राची पहिली किंमत वापरणारा मोजतो, हे दोन्हीकडे सारखेच.

तातींच्या मनातून ते रंग गेले नाहीत. 1964 साली त्यांनी काही वस्तूंवर हाताने रंग चढवून आणि एका चित्रकाराचे नवे प्रसंग घालून दुसरी आवृत्ती काढली. 1982 साली ते वारले. पुढे त्यांच्या कन्या सोफी, ज्या स्वतः चित्रपट-संकलक होत्या, आणि छायाचित्रकार फ्रान्स्वा एद यांनी जपून राहिलेल्या मूळ निगेटिव्हमधला तो हिशेब उलगडला. 1995 साली, चित्रीकरणानंतर सुमारे अर्ध्या शतकाने, रंगीत 'झूर द फेत' लोकांपुढे आला.

या रंगांनी काय साधले? चित्रीकरणाच्या वेळी तातींनी गावातली दारे करड्या रंगाने रंगवून घेतली होती आणि गावकऱ्यांना गडद कपडे दिले होते. रंग यावा तो जत्रेबरोबर, लाकडी घोड्यांबरोबर, आणि जत्रा उठली की तिच्याबरोबरच जावा. कृष्णधवल प्रतीत सारेच करडे, म्हणून ही योजना दिसतच नव्हती. मी स्पष्ट सांगतो, रंगीत प्रतीचे चित्र मऊ आहे; जुन्या रंगवलेल्या पोस्टकार्डासारखे. धारदार रेषा हवी असेल त्याने कृष्णधवल प्रत पाहावी. परंतु स्वच्छतेच्या स्पर्धेत पहिला नंबर म्हणजे उत्तम जीर्णोद्धार, असे मी मानत नाही.

आवाजाची गोष्ट याहून नाजूक आहे. फ्रान्स्वा सायकलवरून जात असतो आणि एक गांधीलमाशी त्याच्या मागे लागते. ती पडद्यावर दिसत नाही. ऐकू येते फक्त. गुणगुण पुढे सरकते, आणि तिकडचा शेतकरी हात झाडू लागतो. परत फिरते, आणि पुन्हा पोस्टमनची धांदल. सगळा विनोद त्या गुणगुणीत आहे. जुन्या ध्वनिपट्टीवर खरखर असते. ती पुसणाऱ्याने हात सैल सोडला, तर खरखरीबरोबर गांधीलमाशीही जाईल, आणि उरेल हवेत हात मारणारा एक वेडा. तातींच्या 1953 च्या 'म्स्यू ह्यूलोच्या सुट्टी'त रेल्वे स्टेशनवरचा कर्णा अगम्य भाषेत घोषणा करतो, आणि उतारू या फलाटावरून त्या फलाटावर धावतात. ती घोषणा कुणी 'सुधारून' स्पष्ट केली, तर उतारू का धावतात हे कळणार नाही.

म्हणून झीज आणि घडण यांतला फरक ओळखणे, हे या कामाचे मर्म. ओरखडे, धूळ, उडणारे चित्र ही झीज; ती दूर करावी. चांदीच्या कणांची बारीक रवाळ ही फिल्मची घडण. ती घासून काढली की माणसांचे चेहरे मेणाचे होतात. दर सेकंदाला चोवीस चित्रे, म्हणजे सव्वा तासात लाखाहून अधिक. यंत्र मदत करते; परंतु हा ओरखडा की पावसाची धार, हे ठरवायला जाणती नजर लागते. ती नजर असलेल्या कारागिराला घाई लावणे म्हणजे फ्रान्स्वाला अमेरिकन वेगाने पळवणेच होय.

मग खरा चित्रपट कोणता? लोकांनी 1949 साली पाहिला तो, की तातींच्या मनातला? माझे मत असे, की दोन्ही ठेवावेत. नव्याने जुन्याला हुसकावू नये. काय पुसले, काय जोडले, हे प्रेक्षकाला उघड सांगावे. आणि मूळ निगेटिव्ह कुणी टाकून देऊ नये. निरुपयोगी ठरलेली ती रिळे कुणी अडगळ म्हणून फेकली असती, तर हे रंग कायमचे गेले असते. पुण्यात 1964 सालापासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तिथल्या डब्यांतही अनेक अनाम कामगारांचे श्रम बंद आहेत. त्यांची काळजी घेण्यासाठी पुरेशी माणसे आणि पुरेसा वेळ द्या, ही मागणी आपण नागरिकांनी करायची आहे.